फ्लायवर, म्हणजे पिसं-दोऱ्याच्या बनावट किड्यावर, पकडलेल्या माशाचे रंग आणि ठिपके फोटोत जसेच्या तसे कसे आणावेत? त्यासाठी वेगळा कॅमेरा घ्यावा का?

कॅमेऱ्याचं नंतर बघू. तुमचा मासा फोटोआधी किती वेळ पाण्याबाहेर असतो, ते आधी बघा. फोटोतला रंग तिथेच जातो. दोष मात्र मोबाइलला मिळतो.

या विषयावर आमच्या गटातल्या एका काकांशी माझं भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिमाचलातली तीर्थन नदी, गुशैणीच्या वरचा भाग, ऑक्टोबरचे शेवटचे दिवस. १ नोव्हेंबरपासून ट्राउट मासे पकडायला बंदी लागते, म्हणून सगळ्यांची घाई. पण रंगांसाठी याहून चांगले दिवस नाहीत. पाणी नितळ असतं आणि वीण तोंडावर आल्यामुळे ब्राउन ट्राउटचे नर ऐन रंगात असतात. मला निम्फवर (पाण्याखालच्या अळीसारखी दिसणारी फ्लाय) वीतभर लांबीचा एक लागला. पाठ शेवाळी, पोट हळदी, अंगभर काळे ठिपके, मधल्या रेषेलगत लाल ठिपके आणि त्या प्रत्येकाभोवती निळसर फिकट कडं. शेपटीआधीचा तो छोटा मांसल पर असतो ना, त्याची कड शेंदरी. जाळं पाण्यातच ठेवलं, मोबाइलवर फोकस आणि एक्सपोजर (फोटो किती उजळ येईल ते) आधीच लावून घेतलं, मासा जेमतेम पाण्यावर आणला, दोन फोटो काढले आणि सोडून दिला.

तासाभराने काकांना माझ्याहून मोठा लागला. काका तो हातभर पुढे धरून उभे. “थांब, गॉगल काढतो.” “आता टोपीसकट घे.” “उभा एक घे, स्टेटसला लागतो.” माझ्या डोळ्यांदेखत मासा राखी होत गेला. फोटोत काकांचे दात पांढरेशुभ्र आले, मासाही जवळपास तसाच.

रात्री होमस्टेवर दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर काका म्हणतात, “एकच नदी, एकच दिवस, आणि तुझ्याच माशाला एवढा रंग? सॅच्युरेशन चढवलंस.” मी मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला फोटो, दाखवली. शेजारी धरलेलं ग्रे कार्डही (रंग पडताळायचं राखी कार्ड) त्यात होतं. त्यावर उत्तर आलं, “कार्डसुद्धा एडिट करता येतं.” आता काय बोलणार!

तर काका, आणि प्रश्नकर्ते तुम्हीही, ऐका. माशाचा रंग भिंतीच्या रंगासारखा एकदा लावला की झालं, असा नसतो. त्वचेतल्या काळ्या रंगपेशींमध्ये रंगाचे कण पसरले की मासा गडद दिसतो, मध्याशी गोळा झाले की फिकट. ताणाखाली हा बदल बघता बघता होऊ शकतो. पांढऱ्या बादलीत ठेवलेला मासाही त्याच कारणाने फिका पडतो, म्हणून ‘आधी बादलीत ठेवू, मग निवांत फोटो काढू’ हा उद्योग करू नका. चमक येते ती ग्वानिनच्या बारीक स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे. कोन बदलला की तीही बदलते. त्यामुळे मासा कॅमेऱ्याला समांतर, आडवा हवा. हात लांब करून पुढे धरलेल्या माशात फक्त आकार फुगतो आणि काकांना नेमकं तेच हवं असतं.

रंगाचं सोडा, माशाच्या जिवाचं बघा. रेनबो ट्राउटवरचा १९९२ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. पूर्ण दमवलेल्या माशांपैकी हवेत न काढलेले १२ टक्के मेले, ३० सेकंद हवेत ठेवलेले ३८ टक्के आणि एक मिनिट ठेवलेले ७२ टक्के. गॉगल काढा, टोपी घाला, उभा एक, आडवा एक, यात मिनिट सहज जातं. मी काकांना हे आकडे पाठवले होते. निळी टिक आली, उत्तर नाही.

बाकी तांत्रिक म्हणाल तर फार काही नाही. ढगाळ उजेड उत्तम. भर उन्हात माशावर स्वतःची सावली पाडा. झाडाखाली मात्र पानांची हिरवी झाक येते, तिथे व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) हाताने लावा. फ्लॅश नको. एक्सपोजर थोडं खालीच ठेवा, ओले खवले पांढरे फुटले की तिथला रंग नंतर कशानेही परत येत नाही. पाण्यावरची चकाकी मारायला पोलरायझर, म्हणजे लेन्सवरचा चकाकी कापणारा फिल्टर, हवा. तो नसेल तर डोळ्यावरचा पोलराइज्ड चष्मा मोबाइलच्या लेन्ससमोर धरून फिरवा, पण काच राखी हवी. तपकिरी असेल तर सगळाच मासा तांबूस होईल. दोन्ही कुशींचे फोटो घ्या, ठिपके डावी-उजवीकडे सारखे नसतात. व्हॉट्सअॅपच्या गटात टाकताना डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर ती निळसर कडी आधी जातात.

हे सगळं ट्राउटपुरतं. आपल्याकडच्या महसीरचे खवले मोठे, प्रत्येक खवला वेगळा चमकतो, तिथे एक्सपोजर आणखी उतरवावं लागतं. याच महसीरच्या खुद्री जातीचं वर्णन साइक्स या ब्रिटिश अधिकारी-निसर्गअभ्यासकाने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केलं. स्पिरिटच्या बाटलीत ठेवलेल्या नमुन्यांचे रंग उडून जातात, त्यामुळे जिवंत माशाचा एक नीट फोटो अभ्यासकांनाही उपयोगी पडतो.

आणि हो, हात ओले करून मगच मासा धरा, हुक बार्बलेस, म्हणजे उलट्या काट्याविना, वापरा, परवाना काढा. पाणी कोमट वाटत असेल तर फोटोचा नादच सोडा, मासा पाण्यातच सोडवा.

वेगळा कॅमेरा? नको. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये रॉ काढता येत असेल तर पुरतं. पैसे घालायचेच असतील तर रबरी जाळीच्या लँडिंग नेटमध्ये घाला. काकांकडे बाय द वे मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेरा आहे.