तिकिटावरचा ठिपका छपाईतला की नंतर पडलेला?

तुमच्याकडे एकाच टपाल तिकिटाच्या दोन प्रती आहेत, एकीवर शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर जास्तीचा ठिपका आहे आणि ही दुर्मीळ चूक समजायची का, असं तुम्ही विचारलंय. एका प्रतीवरून मी तरी हो म्हणणार नाही. तस्साच ठिपका त्याच जागी असलेली दुसरी प्रत शोधा.

छपाईच्या प्लेटवर ओरखडा पडला, तर ती प्लेट दुरुस्त होईपर्यंत प्रत्येक शीटवर, त्याच क्रमांकाच्या तिकिटावर तो उमटत राहतो. कॅटलॉगात जागा मिळते ती अशाच दोषाला. धुळीचा कण किंवा शाईचा शिंतोडा चार-दोन शीटांपुरता असतो. गंमत म्हणून जरूर ठेवा, पण त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

दुसरी प्रत मिळेपर्यंत दहापट भिंग घ्या आणि उजेड तिरका पाडा. आधी ठिपका नव्हे, शेजारचं अक्षर बघा: शाई कागदावर कशी बसलीय, कडा गुळगुळीत आहे की करवतीसारखी. मग ठिपक्याकडे या. त्याचा रंग तिकिटातल्याच एखाद्या शाईचा हवा. पेनाची शाई कागदाच्या तंतूंमधून पसरते, कडेला बारीक मिशा फुटतात. टपालाचा शिक्का ठिपक्यावरून गेला असेल तर उत्तमच, म्हणजे ठिपका शिक्क्याआधीचा. उलट पांढरा डाग असेल आणि तिथले तंतू उभे राहिलेले दिसले, तर कुणीतरी तिथे खरवडलंय.

रंगांच्या बाबतीत मी स्वतः फसलोय. एका तिकिटावरची पानं हिरव्याऐवजी निळी होती. पिवळी शाई छापायचीच राहिली, असं समजून आठवडाभर मी हवेत! मग भिंगाखाली पिवळ्याचे फिकट कण दिसले. रंग उन्हाने उडाला होता. एक कण जरी उरला असेल, तरी ‘रंग गायब’ म्हणता येत नाही. रंग केसभर सरकलेली तिकिटं तर ढिगाने मिळतात.

मोठ्या चुका वेगळ्याच. भारताच्या 1854 च्या चार आण्यांच्या तिकिटाची लाल चौकट आणि राणीचं निळं डोकं वेगवेगळं छापलं जाई, म्हणून काही प्रतींत डोकं उलटं आलं. अमेरिकेच्या 1918 च्या 24 सेंटच्या तिकिटावर विमान उलटं छापलं गेलं, आणि लोकांच्या हाती लागलं ते 100 तिकिटांचं एकच शीट.

ठिपक्याच्या नादात तिकिटाच्या कडेचे दाते मोजायला विसरू नका. दोन सेंटिमीटरात किती भोकं बसतात हा त्याचा आकडा. चित्र तेच पण आकडा वेगळा, किंवा जलचिन्ह (कागदातच उमटवलेली, उजेडात धरल्यावर दिसणारी खूण) वेगळं, असं निघालं तर ते ठिपक्यापेक्षा कितीतरी मोलाचं असू शकतं.

आणि तिकिटाला शीटची कोरी कड किंवा शेजारचं तिकीट चिकटलेलं असेल, तर ते फाडू नका. पेनी ब्लॅक या जगातल्या पहिल्या टपाल तिकिटाच्या 240 तिकिटांच्या शीटमध्ये प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यांत अक्षरांची वेगळी जोडी असे, त्यामुळे सुट्या तिकिटाचीही रांग आणि जागा कळते. इतर बहुतेक तिकिटांवर ती सोय नसते, तिथे ही कडच कामाला येते.