वाचकांचे प्रश्न : मुदतीआधी निवृत्ती घ्यावी का?

प्रश्न : वय 54, येत्या जूनमध्ये 55 पूर्ण होतील. खासगी कंपनीत 28 वर्षे झाली. राहायला बोरिवलीला, नोकरी ठाण्याला, घोडबंदरमार्गे जाऊन-येऊन रोजचे तीन तास. कंपनीने व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती योजना) आणली आहे : 22 लाख, सुटण्याची तारीख 31 मार्च. पीएफ 48 लाख, ग्रॅच्युइटी 14 लाख, बँकेत एफडी 12 लाख. घरखर्च महिना 45 हजार. गृहकर्ज नाही. मुलाच्या शिक्षणाची दोन वर्षे बाकी. घेऊ का?

उत्तर : बेरीज 96 लाख दिसते. ती तशी नाही. व्हीआरएसच्या रकमेपैकी आयुष्यात एकदाच, तेही 5 लाखांपर्यंतच, करमाफी असते. उरलेल्या 17 लाखांवर कर आहे. ग्रॅच्युइटी 20 लाखांच्या आत असल्याने करमुक्त. कर आणि मुलाच्या शिक्षणाचे 6 लाख बाजूला काढले, की हाताशी साधारण 86 लाख राहतात. तुमचा वर्षाचा खर्च 5 लाख 40 हजार. गुंतवणुकीवर कर जाऊन महागाईइतकेच व्याज सुटले असे धरा (एफडीवर बहुतेकांचे तेवढेच सुटते), म्हणजे पैसे 16 वर्षे पुरतात. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी तिजोरी रिकामी, आणि घरात पत्नी आहे. पीएफची पेन्शन हातभार लावेल, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. पेन्शनसाठीची कापणी पूर्ण पगारावर न होता सरकारने ठरवलेल्या पगारमर्यादेवर झाली असेल, तर पेन्शन महिना 5 हजारांच्या आतच बसते, आणि 58 च्या आधी सुरू केली तर दर वर्षाला 4 टक्के कायमची कमी होते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : घरी बसण्यासाठी ही व्हीआरएस घेऊ नका. महिना 30 हजारांचे हलके काम 62 पर्यंत मिळेल अशी खात्री असेल, तर घ्या. मग हीच रक्कम पंचाहत्तरीपर्यंत जाते, आणि पाचवा हिस्सा इक्विटी फंडात (शेअर बाजारात गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात) ठेवला तर त्याही पुढे जाण्याची शक्यता आहे. थकवा प्रवासाचा असेल तर आधी बदली किंवा आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागून बघा. ठाण्याचे ऑफिसच बंद होणार असेल तर मात्र गणित वेगळे. मग घासाघीस रकमेपेक्षा तारखेवर करा.

तारखेचे महत्त्व बहुतेकांच्या लक्षात येत नाही. 31 मार्चला सुटलात, तर करपात्र 17 लाख वर्षभराच्या पगाराच्या डोक्यावर येऊन बसतात. 30 एप्रिलला सुटलात, तर तीच रक्कम नव्या आर्थिक वर्षात पडते, सोबत पगार एकाच महिन्याचा. करात दीड-दोन लाखांचा फरक पडू शकतो. दुसरे, पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना. एरवी तिला 60 वय लागते, पण निवृत्त झालेल्याला 55 पासून खाते उघडता येते. अट अशी की निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत ते उघडायचे. एप्रिलअखेर सुटून मे महिन्यात पैसे आले, तर जूनमध्ये 55 पूर्ण होताच तुम्ही त्यात बसता. मार्चअखेर सुटून पैसे लगेच आले, तर तीन महिने जूनअखेरच संपतात, आणि वाढदिवसानंतर खाते उघडायला मोजकेच दिवस उरू शकतात. मर्यादा 30 लाख, व्याज 8.2 टक्के, म्हणजे दर तिमाहीला 61,500 रुपये. उघडतानाचा दर पाच वर्षे बदलत नाही. निवृत्तीची तारीख, पद आणि मिळालेल्या रकमा लिहिलेले कंपनीचे पत्र शेवटच्या दिवसाआधीच घेऊन ठेवा. नंतर एचआरकडे खेटे घालावे लागतात.

कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. त्याआधीच त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी मागा, म्हणजे आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जात नाही. बीपी-शुगर असेल तर हे काम राजीनाम्याच्याही आधीचे.

सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाणार असेल तर एक आकडा आणखी धरा. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घराला 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. नवे घर 520 चौरस फुटांचे झाले की तो सुरू होतो, आणि लिफ्ट-पार्किंगमुळे मेंटेनन्सही चढतो.

प्रश्न : मिस्टर आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. परळला वन रूम किचन आहे. दिवसभर घरात असतात, फोडणीपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यात लक्ष घालतात. चिडचिड होते. काय करावे?

उत्तर : ताई, हा स्वभावाचा दोष कमी आणि जागेचा जास्त. एवढ्या घरात दोघांना चोवीस तास एकमेकांच्या नजरेसमोर राहावे लागते. ‘बाहेर जा’ म्हटल्याने माणूस दुखावतो. त्यापेक्षा घरातली दोन कामे पूर्णपणे त्यांच्याकडे द्या : समजा, बाजारहाट आणि रात्रीचे जेवण. पूर्णपणे म्हणजे भाजी कोणती आणायची, तेल किती घालायचे, हेही त्यांनीच ठरवायचे. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सूचना देऊ नका, अगदी भात कच्चा राहिला तरी. तुमच्या वेळच्या कामात त्यांनी लक्ष घालायचे नाही, हा करार मग न भांडता पाळला जातो.

बाहेरचे काम ठरावीक वाराचे हवे. ‘मन झाले की जाईन’ फार दिवस टिकत नाही. त्यांना दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासद व्हायला सांगा, आठवड्यातून तीन सकाळी त्यांनी तिथे जायचे असे ठरवा. सोसायटीचे सेक्रेटरीपद मात्र पहिल्या वर्षी घेऊ देऊ नका. ऑफिसचा सगळा हुकूम तिथे उतरतो आणि वर्षभरात शेजाऱ्यांशी बोलणे बंद होते. झोप मोडणे, जेवण तुटणे, कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालले, तर डॉक्टरांना दाखवा. ते आळस म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न : दहिसरचा फ्लॅट विकून कोकणात गावी जावे का?

उत्तर : आत्ता विकू नका. फ्लॅट 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर भाड्याने द्या. करार नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. गावी एक अख्खा पावसाळा काढा. वीज किती तास जाते, रात्री दोनला छातीत दुखले तर हृदयरोगाचा डॉक्टर किती किलोमीटरवर आहे, हे जून ते सप्टेंबरमध्येच कळते. गणपतीच्या आठ दिवसांवरून ठरवू नका.