वायरलेस माइक मिक्सर-रेकॉर्डरला जोडल्यावर कीर्तनाचा आवाज फाटतो, काय करू?

रिसीव्हरचं आउटपुट आणि रेकॉर्डरचं इनपुट एकाच लेव्हलवर ठेवा, दोन्हीकडं 'लाइन' किंवा दोन्हीकडं 'माइक'. बहुतेक वेळा घोळ तिथंच असतो. लाइनचा जोरदार सिग्नल माइकच्या नाजूक सिग्नलसाठीच्या इनपुटात सोडला की सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्पला तो झेपत नाही. त्या इनपुटची 48 व्होल्टची फँटम पॉवरही (केबलमधून माइकला जाणारी वीज) बंद करा. बीड-अंबाजोगाईकडं सप्ताहात रेकॉर्डिंग करताना मी आधी महाराजांच्या कमरेच्या ट्रान्समीटरचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) लावतो, तोही त्यांना गजर म्हणायला लावून. साध्या बोलण्यावर लावलेला गेन 'विठ्ठल विठ्ठल'ला हमखास दगा देतो. मग रेकॉर्डरवर चढा आवाज उणे 12 डीबीच्या आसपास ठेवतो. मात्र ट्रान्समीटरचाच पीकचा (आवाज मर्यादेबाहेर गेल्याचा) दिवा लागत असेल, तर आवाज तिथंच फाटलाय. रेकॉर्डरवर कितीही कमी केला तरी सुधारणार नाही.