पिझ्झावर जवळा

प्रश्न असा आहे: तुमची खाण्यातली कोणती आवड ऐकून लोक नाक मुरडतात, आणि पिझ्झावर तुम्ही आजवर घातलेली सगळ्यात अजब गोष्ट कोणती?

माझं दोन्हीचं उत्तर एकच. जवळा, म्हणजे इवलीशी कोळंबी. सुका जवळा, खमंग भाजून, कांद्याबरोबर, चीज बेताचं.

आता हे वाचून ज्यांनी नाक धरलं असेल त्यांना आधी विचारतो, तुमचा पहिला पिझ्झा कसा होता? माझा होता बेकरीतून आणलेल्या तयार बेसचा. पाकिटात दोन, रस्क होता होता राहिलेले, चवीला किंचित गोड. त्यावर बाटलीतलं टोमॅटो केचप, उभा चिरलेला कोबी, ढोबळी मिरची, गाजर, आणि सगळ्यावर अमूलचा क्यूब किसून. घरात ओव्हन नाही, म्हणून तवा आणि वर पातेल्याचं झाकण. खालून बेस करपायचा, वरचं चीज जेमतेम घाम फुटल्यासारखं दिसायचं. इटालियन माणसाने बघितला असता तर पोलिसांत गेला असता. पण मालवणात नव्वदच्या दशकात आम्ही त्यालाच पिझ्झा म्हणायचो, आणि आजही कोणी करून दिला तर मी दोन खाईन. सांगायचा मुद्दा, विचित्रपणाची सुरुवात आपण सगळ्यांनीच फार लवकर केलेली आहे.

पुढे कामानिमित्त दीड वर्ष स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला होतो. तिथल्या पिझ्झेरियात बसलं की आधी एक वाटी समोर येते: बारीक चिरलेला कोबी, व्हिनेगर, तेल, मिरपूड. पिझ्झा-सॅलड म्हणतात त्याला. पहिला घास घेतला आणि मी चक्क हसलो, कारण ती कोबीची पचडी होती, फक्त दाण्याचं कूट विसरलेली. मग मेन्यू वाचला. केळं, हॅम आणि करी पावडर. चीजवर केळ्याच्या चकत्या, आणि त्यावर पिवळी धमक पावडर, जिचा वास हळद, धने आणि मेथीचा. टेबलावरच्या स्वीडिश सहकाऱ्याने तोच मागवला, तोही रोजचा असल्यासारखा. मी चव घेतली. शिकरणावर कोणीतरी सांबार मसाला उलटला आहे असं वाटलं. महिन्याभराने पुन्हा घेतला, तेव्हा जरा कळलं. खारट हॅम, मऊ गोड केळं, मसाल्याचा कडवट शेवट. आपली केळ्याची कोशिंबीर तरी काय असते? गोड केळं, आंबट दही, मिरची आणि मोहरीची फोडणी. वाटीत आली की कोशिंबीर, पिझ्झावर आली की अब्रह्मण्यम.

मी तिथे असतानाच, फेब्रुवारी 2017 मध्ये, आइसलंडच्या राष्ट्राध्यक्षांची बातमी आली आणि ऑफिसात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. ग्वुद्नी योहानेसन एका शाळेत गेले होते, मुलांनी विचारलं, त्यांनी सांगून टाकलं की पिझ्झावर अननस मला मुळीच मान्य नाही, हातात असतं तर बंदी घातली असती. जगभर एवढा गदारोळ झाला की त्यांना खुलासा करावा लागला: असे कायदे करायचा अधिकार मला नाही, आणि नाही तेच बरं. त्याच खुलाशात त्यांनी पिझ्झावर मासे आणि समुद्री खाणं घाला असा सल्लाही दिला. त्या दिवसापासून जवळ्याच्या बाबतीत मी स्वतःला एका राष्ट्राध्यक्षांचा पाठिंबा आहे असं समजतो.

ज्या अननसावरून हे सगळं झालं, त्या पिझ्झाचा हवाईशी संबंध डब्यापुरता आहे. मूळचे ग्रीक, स्थायिक कॅनडात, असे सॅम पॅनोपुलोस यांनी 1962 साली ओंटारियोतल्या चॅटम गावात आपल्या रेस्टॉरंटमध्ये तो पहिल्यांदा केला. त्यांच्याकडे चायनीज पद्धतीचे आंबटगोड पदार्थही मिळायचे, तिथूनच गोड आणि खारट एकत्र आणायची कल्पना आली. नाव पडलं अननसाच्या डब्यावरच्या ब्रँडवरून. एक ग्रीक माणूस, कॅनडातलं गाव, चायनीज चव, इटालियन भाकरी, आणि नाव हवाईचं.

आमच्या किनाऱ्यावर मात्र अननसाच्या या वादाचं कोणाला काही वाटू नये. आम्ही अननसाचं सासव खातो: पिकलेल्या फोडी, ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, गूळ, आणि कच्ची वाटलेली मोहरी, जी थेट नाकात जाते. आंब्याचंही करतो. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी, लग्नात जिलेबीबरोबर मठ्ठा, हे सगळं जेवणारा माणूस "गोड आणि तिखट एकत्र? शी!" म्हणतो तेव्हा मला गंमत वाटते.

अननसाबद्दल एक कामाची गोष्ट. ताज्या अननसाच्या फोडी तशाच पिझ्झावर टाकू नका. पाणी सुटून मधला भाग खिरीसारखा होतो. आधी तापलेल्या तव्यावर कडा तांबूस होईपर्यंत भाजून घ्या. शिवाय न शिजवलेल्या अननसात प्रथिनं तोडणारं ब्रोमेलिन असतं, दुधादह्यात घातला की थोड्या वेळाने कडवट लागतो तो त्यामुळेच. उष्णतेने ते निकामी होतं. डब्यातला अननस तापवूनच भरलेला असतो, म्हणून त्याची ही भानगड नाही.

आता जवळा. मूठभर जवळा आधी निवडायचा, त्यात बारीक खडे आणि शिंपल्यांचे तुकडे असतातच. पाण्यातून पटकन काढून घट्ट पिळायचा आणि कोरड्या तव्यावर मंद आचेवर टाकायचा. आधी ओला, बंदराचा वास येतो. तो गेला की शेजारचं दार वाजायची वेळ होते. त्यानंतर रंग तांबूस होतो आणि वास एकदम बदलतो, भाजलेल्या शेंगदाण्यांच्या जवळ जातो. चिमटीत चुरडला की कुरकुर मोडला पाहिजे. मग उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची, थोडं तेल. सॉससाठी टोमॅटो, लसूण आणि दोन आमसुलं एवढी आटवायची की डाव उभा राहील. साखर नको. ओव्हन 250 अंशांवर, सॉस आणि चीज लावलेला पिझ्झा आधी भाजायचा, आणि जवळा शेवटची दोनच मिनिटं. सुरुवातीपासून ठेवलात तर जळून कडू होतो. हे मी दोन पिझ्झे फेकून शिकलो.

चव का जुळते? जपानच्या किकुनाए इकेदा यांनी 1908 साली समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हे खमंग, भरीव चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. पिकलेल्या टोमॅटोत ते असतं, मुरलेल्या चीजमध्ये तर भरपूर, आणि सुकवलेल्या मासळीतली द्रव्यं तीच चव आणखी चढवतात. म्हणून मी वरून थोडं पार्मेझान किसतो. इटलीत हेच काम अँचोव्ही, म्हणजे खारवलेले छोटे मासे, करतात. गंमत म्हणजे टोमॅटो, मोझरेला आणि अँचोव्हीच्या पिझ्झाला रोममध्ये नापोली म्हणतात आणि नापोलीत रोमाना. म्हणजे माशाची जबाबदारी तिथेही कोणी स्वतःवर घेत नाही.

खरा विरोध वासाला नव्हता, घरातून होता. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे मेल्या, दूद नि मासे एकत्र खातंत काय खय? आंगार कोड उठतला." हे तुम्हीही ऐकलेलं असणार. चरकसंहितेतही मासे आणि दूध हा विरुद्ध आहार सांगितलेला आहे, त्यामुळे आईची बाजू निदान जुनी आहे. पण कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच रंगपेशींवर उलटण्याचा प्रकार आहे, माशांवर चीज घातल्याने तो होत नाही. मी आईला अँचोव्हीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, ते त्यांचं त्यांना. सुट्टीत गावी गेलो तेव्हा तिच्यासाठी बिनचीजचा केला. तिने खाल्ला, आवडला, आणि विचारलं, "मगे ह्येका भाकरी-जवळो म्हणूक काय झाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फसलेलेही प्रयोग आहेत. मे महिन्यात सॉसऐवजी आमरस लावला होता. साखर कडेने जळली, मध्ये डबकं झालं. त्याबद्दल जास्त बोलत नाही. उलट घट्ट पिठलं, लसणाची चुरचुरीत फोडणी आणि ठेचा हा बेत इतका जमला की आता पाहुण्यांनाही देतो, चीज नावापुरतं.

करून बघणार असाल तर एक सूचना. ज्या ओव्हनमध्ये दुसऱ्या दिवशी केक करायचा आहे, त्यात जवळा घालू नका. भाचीच्या वाढदिवसाला व्हॅनिला केक झाला होता. तिने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मामा, ह्यात मासा कुठे आहे?"