बेंगळुरूत नवीन आहात आणि कन्नड शिकायचंय? जरूर शिका

मराठी माणसाला कन्नड वाटते तेवढी अवघड नाही, वाक्याची ठेवण बरीचशी आपल्यासारखीच आहे, क्रियापद शेवटी. शिवाय निर्जीव वस्तूंना तो-ती ची भानगड नाही, सगळं नपुंसकलिंगी!

सुरुवातीला एवढंच करा:

- लिपी महिनाभर बाजूला ठेवा. आधी कान तयार होऊ द्या, कारण कन्नडात ऱ्हस्व ए-ओ आणि दीर्घ ए-ओ वेगळे असतात आणि आपण मराठी लोक सगळे एकाच लांबीचे म्हणतो.
- बेकु (पाहिजे), बेडा (नको), इदे (आहे), इल्ला (नाही), एष्टु (किती) एवढ्यावर भाजीवाल्याकडे आरामात निभतं. रिक्षात "इल्ली निल्लिसी" म्हणा, म्हणजे इथे थांबवा.
- अनोळखी माणसाला कायम "नीवु" (तुम्ही), "नीनु" (तू) नको.

बहुतेकांचं घोडं अडतं ते हिंदीवर. समोरचा हिंदीत आला की आपणही लगेच हिंदीत, मग वर्षं जातात तरी कन्नड येत नाही. तो हिंदीत बोलू दे, तुम्ही मोडक्या कन्नडातच उत्तर द्या, लोक खरंच मनापासून मदत करतात. धारवाडकडची बोली वेगळी आहे, तिचा विचार आत्ता नको. व्याकरणाचं पुस्तकही नंतर, अडलं की इथे विचारा.