धक्क्याआधीचा हात

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पिस्तुलासाठी कुठलं कॅलिबर, म्हणजे किती जाडीची गोळी, घेऊ, हे तू चार तऱ्हांनी विचारलं आहेस. चाप कसा ओढायचा, हे मात्र एकदाही नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठी गोळी लागली की माणूस मागे उडून पडतो, असं तू धरून चालला आहेस. तसं होत नाही. गोळीत तेवढा रेटा असता, तर तेवढाच रेटा पिस्तूल धरणाऱ्यालाही बसला असता आणि तोही उताणा पडला असता. 11 एप्रिल 1986 रोजी अमेरिकेतल्या मायामीत एफबीआय या तपास यंत्रणेची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यातल्या एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली 9 मिमी गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली. जखम जीवघेणी होती, तरी तो लढत राहिला आणि दोन एजंट मारले गेले. त्यानंतर एफबीआयने शरीराच्या मांसाऐवजी चाचणीला वापरतात त्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान 12 इंच शिरलीच पाहिजे, असा निकष ठरवला. गोळी कुठे लागते आणि किती खोल जाते, पिस्तुलाच्या बाबतीत यावरच सगळं अवलंबून असतं. म्हणजे प्रश्न पुन्हा तुझ्या हातापाशीच आला.

मी शिकत होतो तेव्हा माझ्या गोळ्या सारख्या खाली लागायच्या. मी दोष पिस्तुलाला द्यायचो. एके दिवशी गुरुजींनी मला न सांगता मॅगझीनमध्ये खऱ्या काडतुसांत दोन नकली मिसळली. तिसऱ्यांदा चाप ओढला तर नुसतं 'टक्' झालं, आणि नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं. गोळी सुटलीच नव्हती. गोळी सुटताना पिस्तुलाचा धक्का येणार या धास्तीने माझं मनगट आधीच दबलं होतं. खरी गोळी सुटते तेव्हा ही खोड धक्क्यात लपून जाते. म्हणूनच नुसत्या पेट्याच्या पेट्या संपवून कुणाचा हात सुधारत नाही.

यावर उपाय म्हणजे कोरडा सराव, म्हणजे गोळीविना चाप ओढण्याचा सराव. मॅगझीन काढ, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघ, बोट घालूनही बघ, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव. मग भक्कम भिंतीकडे नेम धरून चाप सावकाश मागे घे. स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या) टोकावर ठेवलेलं नाणं पडता कामा नये. रोज दहा मिनिटं पुरेत. (काडतुसाच्या कडेवर पिन आपटून गोळी सुटते त्या पॉइंट बावीसच्या रिमफायर पिस्तुलावर मात्र हे करू नकोस. बऱ्याच जुन्या पिस्तुलांत पिन चेंबरच्या कडेवर आपटून खराब होते.)

हल्लेखोर चाकू घेऊन 21 फुटांच्या आत आला तर गोळी घालावी, असं '21 फुटांचा नियम' म्हणून तू जे लिहिलंस, तो नियमच नाही. 1983 मध्ये सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी दाखवलं, की धडधाकट माणूस तेवढं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. पिस्तूल काढून दोन गोळ्या मारायला तरबेज माणसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. 21 फुटांच्या आत आला तर गोळी घालायची मुभा आहे, असा अर्थ त्यातून कुणी काढू नये. त्यापलीकडचा माणूस निर्धोक, असाही नाही. मी तरी त्यातून एवढंच शिकलो, की जागच्या जागी उभं राहायचं नाही. बाजूला सरक, आडोसा गाठ, निघून जाता आलं तर निघून जा.

गोळी न मारणंही सरावात येऊ दे. कागदी निशाण्यांपैकी एकाच्या हातात मोबाइल काढ आणि त्याच्याकडे बघून चापावर बोट न नेता पिस्तूल खाली घे. माझ्या मते गोळी मारण्याइतकाच हा सराव महत्त्वाचा आहे, आणि तोच कुणी करत नाही.

पुढच्या वेळी येशील तेव्हा तुझी मॅगझीन मी भरेन. आत काय आहे ते विचारू नकोस.

तुझा,
जुना शिक्षक