जुना सागवानी झोपाळा घासून पीयू मारावा का?

तुम्ही विचारलंय की बडोद्याच्या घरातला आजोबांच्या वेळचा सागवानी झोपाळा काळवंडलाय, पाटावर पांढरे डाग आहेत आणि पॉलिशवाला सगळं घासून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारू म्हणतोय. घासू देऊ नका. वर्षानुवर्षं मुरलेला सागाचा रंग पॉलिशपेपरखाली तासाभरात जातो. त्यातून काळं दिसतं ते बहुधा लाकूड नसतंच, तेल-धुळीचं किटण असतं.

आधी पॉलिश कसलं ते बघा. पाटाच्या खालच्या कडेला पॉलिशच्या स्पिरिटमध्ये (डिनेचर्ड अल्कोहोल) भिजवलेला कापूस दहा-पंधरा सेकंद टेकवा. जागा चिकट झाली, कापसावर तपकिरी उतरलं, तर ती चपडी लाख, म्हणजे शेलॅक. काहीच हललं नाही तर ते नंतरचं व्हार्निश. पुढची कृती त्याला चालणार नाही. झोपाळा बडोद्याजवळच्या संखेड्याचा, लाल-सोनेरी नक्षीचा असेल तर स्पिरिट जवळही नेऊ नका, लाखेसोबत नक्षीही उतरेल.

लाख निघाली तर किटण मिनरल टर्पेंटाईनने काढा. त्यात लाख विरघळत नाही. नंतर १०० ग्रॅम चपडी ५०० मिली स्पिरिटमध्ये काचेच्या बाटलीत दिवसभर भिजवा आणि मलमलीतून गाळा. लोखंडी डबा नको, लाख काळी पडते. थोडी काचेवर लावून बघा. दोन-तीन तासांनीही चिकट असेल तर चपडी जुनी आहे, फेकून द्या.

धुतलेल्या जुन्या धोतराच्या फडक्यात कापसाचा बोळा बांधा आणि गाळलेल्या लाखेत भिजवा. कागदावर दाबल्यावर नुसता ओलसर ठसा उठावा, ओघळ नको. बोळा पाटाबाहेरून सरकवत आत आणा आणि न थांबता दुसऱ्या कडेने बाहेर न्या. मध्ये थांबलात की तो चिकटतो आणि खालची लाख उचलून आणतो, बहुतेकांचं इथेच बिघडतं. अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन-चार हात पुरे.

पांढरे डाग म्हणजे लाखेत अडकलेला ओलावा. स्पिरिट जेमतेम लागलेलं फडकं भरभर फिरवलं की बरेचसे जातात. पण श्रावणात हे काम काढू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि नवीन पॉलिशही पांढुरकं होतं. नवरात्र उलटू द्या.

पितळी साखळ्या उतरवूनच घासा, चिंचेचं पाणी लाकडावर नको. कड्या एकमेकींत घासतात तिथे बोटाने चाचपा. तिथे कडी बारीक झाली असेल तर जुनी म्हणून जपू नका, बदला.